रिकामं पिंप

वहिनींनी तिसऱ्या पिंपाचं झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी पिंप तिरपं करून सगळ्यांना आतलं दाखवलं. आत काहीच नव्हतं. धुऊन कोरडं केलेलं निळं प्लॅस्टिक, आणि तळाशी पडलेला उन्हाचा एक तुकडा.

"आज चूल पेटली नव्हती वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि अंगणात हशा पिकला.

जमलेले सगळे केटरिंगवाले होते. ओल्या फरशीवर कपडे सांभाळत, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढत उभे होते. पुढच्या महिन्यापासून नियम लागू होणार होता. ज्या स्वयंपाकघरातून ठरावीक वजनापेक्षा जास्त अन्न वाया जातं, त्याला ते कचऱ्याच्या गाडीत टाकता येणार नव्हतं. वेगळं करायचं, वजन करायचं आणि गॅस तयार करणाऱ्या प्रकल्पाला द्यायचं. एवढं सगळ्यांच्या कानावर आलं होतं, पण अंगावर कुणीच घेतलं नव्हतं. एकाने बादल्या आणल्या होत्या, त्यांत त्याची बायको कपडे भिजवत होती. एकाला वाटत होतं, दोन-चार महिने आरडाओरडा होईल आणि सगळं थंडावेल. शेवटी संघटनेच्या बैठकीत ठरलं, की वहिनींनी कशी तयारी केली आहे ते सगळ्यांनी जाऊन पाहावं.

वहिनी हे त्यांचं नाव नव्हे. पण नवरा सगळ्या गावाचा दादा, त्यामुळे त्या सगळ्या गावाच्या वहिनी झाल्या होत्या. भाजीवाल्यापासून पालिकेच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना तसंच म्हणत.

"पहिल्या पिंपात सालं, देठं, बिया," वहिनी सांगत होत्या. "हे पिंप जड झालं तर समजायचं, चिरणाऱ्याचा हात जड आहे. दुसऱ्यात ताटातलं खरकटं. ते जड झालं तर वाढणाऱ्याला समजावायचं. आणि तिसऱ्यात पातेल्यात उरलेलं, ज्याला कुणी हातही लावला नाही ते. हे जड झालं तर दोष आचाऱ्याचा आणि मालकाचा."

"आणि तुमचं हे असं लख्ख!" बेकरीवाले काका म्हणाले. "मग वहिनी, उरतं ते जातं कुठे?"

"पोटात," वहिनी म्हणाल्या. "गावाबाहेर म्हाताऱ्या बायकांचा आश्रम आहे. रोज टेम्पो जातो. तिकडून भांडी येतात ती अशी चकचकीत, की इथे पुन्हा घासावी लागत नाहीत."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दादा दाराशी उभे राहून मिशीत हसत होते. मुख्य आचारी मात्र हाताची घडी घालून मागेच थांबला होता. सगळे त्याला मामा म्हणत. बेकरीवाल्या काकांनी त्यालाही छेडलं, "काय मामा, एवढ्या माणसांचा अंदाज चुकत नाही कधी?"

"अंदाज कसला काढायचा?" मामा म्हणाला. "पातेलं काठोकाठ भरलेलं दिसल्याशिवाय वहिनींना झोप येत नाही."

पुन्हा हशा झाला. वहिनीही हसल्या. खोटं नव्हतंच ते. शेवटच्या पंगतीला भाजी कमी पडली असं आपल्याबद्दल कुणी म्हणालेलं त्यांना खपलं नसतं. पूर्वी पातेल्याच्या तळाशी उरलेलं पाहून त्यांचा जीव तुटायचा. आश्रमाला टेम्पो जायला लागला आणि ती टोचणी गेली. उरलेलं हे उरलेलं राहिलंच नाही. ते दान झालं. मग थोडं जास्त शिजलं तर बिघडलं कुठे?

पाहुणे गेले तेव्हा अंगणात चहाचे रिकामे कप पडले होते. दादा ते गोळा करत म्हणाले, "आता उद्याचं तेवढं पार पडलं, की गंगेत घोडं न्हालं."

उद्याचं म्हणजे आश्रमातली तपासणी. सात मजली कचेरीच्या कँटीनला वहिनींकडचं जेवण जाई, सासऱ्यांच्या वेळेपासून. निम्मं घर त्यावर चालायचं. कचेरीने कळवलं होतं, की यापुढे जेवण त्याच स्वयंपाकघराचं घेऊ, ज्याला पालिकेची मान्यता असेल. मान्यतेसाठी सगळं झालं होतं; एकच गोष्ट राहिली होती. उरलेलं अन्न दान करतो असं जो म्हणेल, त्याचं अन्न खरोखर खाल्लं जातं का, हे पालिका तिथे जाऊन विचारणार होती. तपासनीस बाई उद्या दुपारी येणार होत्या.

"ताईंच्या कानावर घालून येते," वहिनी म्हणाल्या. ताई म्हणजे आश्रम सांभाळणाऱ्या बाई. "एकदम कुणी सरकारी माणूस दारात उभं राहिलं, तर घाबरतील त्या."

"फोन कर की."

"जाऊनच येते. कितीतरी दिवसांत गेलेच नाही."

*

आश्रमात त्या याआधी तीन-चारदा गेल्या होत्या, पण नेहमी दुपारी, काहीतरी समारंभाला. तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या असत, ताई फाटकापर्यंत सामोऱ्या येत, आणि जेवणघराच्या दारावरची सासऱ्यांच्या नावाची पाटी पुसलेली असे. संध्याकाळी त्या कधीच आल्या नव्हत्या. टेम्पोला कँटीनमधून भांडी उचलायची होती, म्हणून त्यांनी आपली स्कूटर पुढे काढली.

जेवणघरात दिवे लागले होते. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर कपात दूध आणि पावाचे तुकडे होते. एक आजी पाव बुडवून, त्याचा मऊ भाग चमच्याने काढून शेजारणीला भरवत होत्या. वहिनींना वाटलं, जेवण येईपर्यंत पोटाला आधार म्हणून असेल.

त्यांना दारात पाहून ताई इतक्या झटकन उठल्या, की खुर्ची मागे पडली.

"वहिनी! तुम्ही? या ना, या. आधी कळवायचं तरी." आणि बोलता बोलता त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं.

"मुद्दामच नाही कळवलं. म्हटलं, तुमच्यात बसून जेवेन आज."

टेबलाभोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ताईंनी खुर्ची उचलली, पुन्हा सरळ ठेवली, तिच्यावरची नसलेली धूळ झटकली.

"चला, आपण ऑफिसात बसू," त्या म्हणाल्या. "इथे गरम होतं."

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भांडी उतरवल्याचे आवाज आले. खिडकीपलीकडच्या बोळातून कामाच्या दोघीजणी दोन्ही बाजूंनी कडी धरून पातेलं घेऊन चालल्या होत्या. जेवणघराच्या दाराशी त्या थांबल्या नाहीत. तशाच पुढे, मागच्या अंगणाकडे गेल्या.

"काय आहे गं आज?"

"बघायचंय कशाला? रस्साच. हे बघ, मनगटावर तवंग आला."

"कालच्यानेच पिंप भरलंय. दुसऱ्यात ओत."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या आजींना कमी ऐकू येत असावं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "आली का वहिनींची गाडी? मागचं दार लावून घ्या गं, आता माश्या येतील."

शेजारणीने त्यांच्या हाताला चिमटा काढला. आजींनी मान वळवली, दारात उभ्या असलेल्या वहिनींना नीट न्याहाळलं आणि निवांतपणे पावाचा पुढचा तुकडा दुधात बुडवला.

वहिनी मागच्या अंगणात गेल्या. "वहिनी, थांबा," असं म्हणत ताई मागोमाग निघाल्या, पण हात धरायचा त्यांना धीर झाला नाही.

भिंतीशी दोन निळी पिंपं होती. वहिनींनी घेतली होती तशीच, त्याच दुकानातली. एक काठापर्यंत भरलेलं होतं. दुसऱ्यात रस्सा पडत होता, गुबुक गुबुक आवाज करत. मग त्या दोघींनी भाताचं पातेलं उलटं केलं आणि बुडावर थाप मारली. भात साच्यातून निघावा तसा पातेल्याच्या आकारातच बाहेर आला आणि रश्शावर बसला. एकीने पातेलं नळाखाली धरलं, साबण लावला, आतून बाहेरून घासलं, काठाची खाचसुद्धा बोटाने साफ केली. वहिनी बघत राहिल्या. भांडी कशी चकचकीत होऊन येतात, ते सकाळीच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

घासणारीने वर पाहिलं आणि तिचा हात नळाखाली तसाच राहिला.

"रोज?" वहिनींनी विचारलं.

"रोज नाही हो," ताई म्हणाल्या. "कधीकधी भाजी कोरडी असते. ती देतो आम्ही ज्यांना चावता येतं त्यांना. फळं आली होती एकदा, ती सगळी खाल्ली. अगदी सगळी."

"पण रोज."

ताईंनी पुढे होऊन नळ बंद केला. मग म्हणाल्या, "सुरुवातीला खायच्या. भूक लागायची ना. पण गाडी येईपर्यंत ते सकाळचं शिजलेलं असतं, दिवसभर झाकलेलं. दोघींना दवाखान्यात न्यावं लागलं. शिवाय तिखट असतं, तेल असतं. तुमच्या कचेरीतल्या माणसांना तसंच लागत असणार, त्यात तुमची चूक नाही."

"मला सांगायचं नाही का, ताई?"

"कसं सांगायचं?" ताई जरा चिडल्या, मग त्यांनी आवाज खाली आणला. "दारावर तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे. तुम्ही प्रेमाने पाठवता. त्यावर आम्ही म्हणायचं, की हे नको? आणि तुमची गाडी येते म्हटल्यावर पूर्वी संध्याकाळचं धान्य देणारे होते, तेही थांबले. म्हणाले, आता तुम्हाला काय कमी, वहिनींकडून येतंय. बरोबरच आहे त्यांचं."

"म्हणून दूधपाव."

"मऊ असतो. त्यांना चालतो." ताईंनी भरलेल्या पिंपावर झाकण दाबलं. ते नीट बसेना, म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला. "आता आम्हालाही तो नियम लागू होणार. वजन जास्त भरलं ना. तो पालिकेचा माणूस म्हणाला, बाई, तुमच्या म्हाताऱ्या जेवतात कमी आणि टाकतात जास्त."

ताई हसल्या. वहिनींना हसता आलं नाही.

त्या तिथूनच परतल्या असत्या. पण जेवणघरातून जाताना टोकाच्या आजींनी हाक मारली.

"काय हो, जेवते म्हणाला होतात ना?"

"नको आजी. उशीर झालाय."

"आम्ही आमचं संपवलं. पण तुमचं आलंय की आत्ताच. वाढा गं यांना, यांचंच."

"आजी!" ताई म्हणाल्या.

"असू दे," वहिनी म्हणाल्या आणि बसल्या.

एका लहान डब्यात अजून थोडं उरलं होतं. ते ताटात आलं. रश्शावर तेलाची पातळ साय धरली होती. चमचा लावला की ती सुरकुतायची आणि खालचं पिवळं पाणी वर यायचं. भाताच्या शितांची टोकं कडक झाली होती, मधला गाभा चिकट होता. पहिल्या घासाला आंबटपणा कळला नाही. गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कळला. मसाला मात्र ओळखीचा होता. तो त्यांच्याच हाताने कांडलेला होता आणि आपल्या मसाल्याचा त्यांना अभिमान होता. साऱ्या टाळूला तेल चिकटलं. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. समोर बायका हातातले कप खाली ठेवून एकाग्र होऊन पाहत होत्या. बऱ्याच दिवसांनी काहीतरी बघण्यासारखं घडत होतं.

"पाणी प्या मध्ये मध्ये," एकीने सल्ला दिला. "त्याने उतरतं."

वहिनींनी ताटात काही ठेवलं नाही.

"सगळं खाल्लंन हो," आजी शेजारणीला म्हणाल्या. त्यात टोमणा होता की खरंच कौतुक होतं, हे वहिनींना रस्ताभर कळलं नाही. उद्या तपासनीस बाई येणार आहेत, हे सांगायचंही राहूनच गेलं होतं.

*

घरी आल्यावर त्यांनी दादांना सगळं सांगितलं, म्हणजे बरंचसं सांगितलं. जेवल्याचं सांगितलं नाही.

दादा ऐकत होते. मग म्हणाले, "वाईटच झालं. करू आपण काहीतरी. पण आधी उद्याचं होऊन जाऊ दे. कचेरी हातची गेली, तर आश्रमाला पाठवायलाही काही उरणार नाही."

सकाळी ओट्याशी उभ्या असताना त्यांनी दादांचं फोनवरचं बोलणं ऐकलं.

"काही नाही हो ताई, तुम्ही फक्त घाबरू नका. बाई चांगल्या आहेत. विचारतील, खाल्लं जातं का, तर हो म्हणायचं. एवढंच. आणि तुमची वहिनी आली होती, ती आपली उगाच मनाला लावून बसलीय. तुमच्यावर जीव आहे हो तिचा."

ओटा स्वच्छच होता. वहिनी तरी तो पुसत राहिल्या. दोन पावलं टाकून फोन घेता आला असता. त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा ओलं केलं, पुन्हा पिळलं.

"काय म्हणाल्या ताई?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

"काय म्हणणार? बरं म्हणाल्या. समजूतदार बाई आहे."

आणि वहिनींना हायसं वाटलं. छातीवरचं दडपण खरोखर उतरलं. त्यांनी मामाला नेहमीच्या आवाजात सांगितलं, की भाताचं पाणी बघ. बऱ्याच काळानंतरही त्यांना सगळ्यात जास्त कशाची लाज वाटायची, तर त्या एका क्षणाच्या हायसं वाटण्याची.

*

तपासनीस बाई वयाने लहान होत्या आणि सकाळपासून स्वयंपाकघरं हिंडून थकल्या होत्या. त्यांच्या बुटांना कुठलंतरी पीठ लागलं होतं. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी पाणी मागितलं, ते एका दमात प्यायलं आणि मगच पेन काढलं. एका बाजूला ताई बसल्या, दुसऱ्या बाजूला दादा आणि वहिनी. मागे जेवणघराची खिडकी उघडी होती. आत दुपारचं आवरून बायका भिंतीकडेच्या बाकांवर बसल्या होत्या. कुणी केस विंचरत होत्या, कुणी डुलक्या घेत होत्या.

"यांच्याकडून अन्न येतं रोज?"

"रोज येतं," ताई म्हणाल्या. "एक दिवस चुकत नाही."

"खाल्लं जातं?"

"हो तर. कधीकधी पुरतसुद्धा नाही."

एवढं बोलायला ताईंना कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. दादांनी मात्र पाय जरा सैल सोडले.

तपासनीस बाई लिहिता लिहिता थांबल्या. "पण मग तुमच्या पिंपांचं वजन जमत नाही. तुमचं स्वतःचं रांधणं फक्त दुपारचं. आणि भरतं मात्र एखाद्या हॉटेलएवढं. हे येतं कुठून?"

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. या प्रश्नाची तयारी कुणी केली नव्हती.

"म्हातारी माणसं हो," त्या म्हणाल्या. "दात नाहीत, तोंडाला चव नाही. हावरटासारखं वाढून घेतात आणि टाकतात. किती सांगायचं?"

खिडकीतला फणीचा आवाज थांबला.

"असं कसं चालेल?" तपासनीस बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. हे त्या दिवसात अनेकदा म्हणाल्या असाव्यात. "लोक प्रेमाने देतायत आणि या टाकतायत. शिस्त लावा त्यांना. ताटात कमी वाढा. पुढच्या वेळी असंच वजन आलं, तर मला आश्रमाला नोटीस द्यावी लागेल."

"लावते," ताई म्हणाल्या. "लावते शिस्त."

वहिनींनी मान वळवून खिडकीतून आत पाहिलं. टोकाच्या आजी बाकावर ताठ बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं होतं की नाही, कोण जाणे. पण बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या, वर्गात रागावल्यावर मुली घालतात तशा, आणि कुणीही एक शब्द काढत नव्हतं. निमूट राहायची त्यांना सवय होती.

"त्या टाकत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"अगं," दादा हळूच म्हणाले.

"त्यांच्या ताटापर्यंत जातच नाही ते. पिंपात असतं ते आमचं असतं. सकाळी शिजलेलं संध्याकाळी पोचतं. काल मी इथे बसून खाल्लं. खाण्यासारखं नसतं." आपला आवाज हळू येतोय, हे त्यांना जाणवलं, पण तो वाढवता येईना. "ताईंना आमचा संकोच वाटतो म्हणून त्या तसं म्हणाल्या. त्यांना आमच्याकडून फोन आला होता."

दादांनी खुर्चीत अंग चोरलं. ताई जमिनीकडे पाहत होत्या.

तपासनीस बाईंनी पेन कागदावर आडवं ठेवलं. "म्हणजे तुमच्याकडचं उरलेलं तुम्ही इथल्या पिंपात टाकताय."

"हो."

"आणि तुमचं पिंप रिकामं."

"हो."

"वहिनी, मला मान्यता देता येणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनाही कुणीतरी हेच संबोधन सांगितलं असावं. "निदान आत्ता तरी नाही. कचेरीला कळवावं लागेल."

"माहीत आहे."

त्या गेल्या. दादा फाटकापर्यंत त्यांच्यासोबत काहीबाही बोलत गेले आणि तिथेच टेम्पोला टेकून उभे राहिले. व्हरांड्यात दोघीच उरल्या. वहिनींना वाटलं, ताई आता काहीतरी बरं बोलतील. आणि तसं वाटल्याचंही त्यांना वाईट वाटलं.

"मला तोंडघशी पाडलंत," ताई म्हणाल्या. "सकाळी एक सांगता, दुपारी एक सांगता. मी तुमच्यासाठीच बोलत होते."

"चुकलं माझं."

"ते जाऊ दे आता. तुमचं मन हलकं झालं. पण या बायकांना संध्याकाळी आणखी किती दिवस दूधपाव घालू? वहिनींनी बंद केलं म्हटल्यावर जुने देणारे काही लगेच उगवणार नाहीत."

"बंद नाही करणार. वेगळं करू. मामाला सांगते, लहान पातेलं वेगळं चढवायचं, दुपारी. तुमच्या वेळेआधी गरम गरम पोचेल."

"कँटीन राहिलं नाही तरी?"

"तरी."

ताईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, हे त्या ठरवत होत्या.

"काय करणार वेगळं?"

कचेरीच्या तिसऱ्या मजल्याला तिखट कमी लागतं, हे वहिनींना ठाऊक होतं. पाचव्या मजल्यावरचे साहेब भात मोकळा नसेल तर परत पाठवतात, हेही ठाऊक होतं. इथल्या बायका पाव मऊ म्हणून खातात, एवढंच त्यांना कालपासून माहीत होतं.

"काय लागतं यांना?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता?" ताई उठल्या आणि त्यांनी पाण्याचा रिकामा पेला उचलला. "त्या आत बसल्यात."

वहिनी जेवणघराच्या दाराशी गेल्या. त्या आल्याचं पाहून आतली कुजबूज थांबली. बायका त्यांच्याकडे पाहत होत्या आणि उंबरठ्यावर वहिनींना पहिला शब्द सापडत नव्हता. परत फिरावं, उद्या सकाळी यावं, मामाला घेऊन यावं, असं त्यांना वाटून गेलं.

टोकाच्या आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काही आणलं नाही ना आज?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"नाही, आजी."

"मग या की, बसा," आजी म्हणाल्या, आणि सरकून त्यांनी बाकावर जागा केली.